आगीची पाळी

सन १५४८, ऑक्टोबर सरत आलेला. अहमदनगरच्या गादीवर पहिला बुऱ्हाण निजामशहा आहे आणि तुम्ही इकडे, अटलांटिकच्या किनाऱ्यापासून बरेच आत, पांढुरक्या वाळूच्या टेकाडांवर उभे आहात. पुढं या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतील आणि राज्याला नॉर्थ कॅरोलिना. आज ही दोन्ही नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

जंगल म्हटल्यावर तुमच्या मनात जे उभं राहतं, ती दाट सावली, त्या वेली, ती काटेरी झुडपं, त्यातलं इथं काही दिसत नाही. तीस-तीस मीटर उंचीचे सरळसोट पाईन एकमेकांपासून अंतर राखून उभे आहेत. ऊन थेट जमिनीपर्यंत येतं. खाली गुडघाभर गवत, तारेसारखं बारीक, ठोंबाठोंबानं वाढलेलं. याला वायरग्रास म्हणतात. या मोकळ्या रानातून घोडा भरधाव सोडला तरी तो कुठं अडायचा नाही. झाडाचं नाव लाँगलीफ पाईन. एकेका जुडग्यात तीन सुया, आणि सुई हातभर लांब. असंच रान उत्तरेला व्हर्जिनियापासून पश्चिमेला टेक्सासपर्यंत पसरलंय, सुमारे नऊ कोटी एकर. आजचा अख्खा महाराष्ट्र त्यात मावेल आणि वर जागा उरेल.

वारा सुटतो. वरच्या शंकूतून पंख असलेली एक बी सुटते, गरगरत खाली येते आणि काळपट वाळूवर पडते. काळपट, कारण या उन्हाळ्यात इथून आग गेली आहे. या बीचं नशीब त्या आगीनंच लिहिलंय. लाँगलीफला उघडी माती लागते. गवताच्या गादीवर किंवा सुयांच्या थरावर पडलेल्या बीचं मूळ जमिनीला भिडत नाही आणि ती वाळून जाते. शिवाय भरपूर बी धरणारं वर्षही पाच-सात वर्षांतून एकदाच येतं. आग आणि बी यांची वेळ जुळली, म्हणून काही आठवड्यांत इथं कोंब दिसेल. सुमारे साडेचारशे वर्षांनी कुणीतरी या झाडाच्या खोडातली वाढचक्रं मोजेल आणि त्याचं जन्मवर्ष १५४८ म्हणून नोंदवेल. आज ते झाड सदर्न पाइन्स गावाजवळच्या वेमथ वुड्स या राखीव जंगलाच्या हद्दीत येतं. ज्यांचं वय असं मोजलं गेलंय, त्या लाँगलीफ पाईनमध्ये ते सगळ्यांत जुनं मानतात.

तीन वर्षं पुढं या. १५५१चा मे. झाड शोधायला निघालात तर सापडणार नाही, कारण अजून झाडच झालेलं नाही. जमिनीलगत हिरव्या लांब सुयांचा एक झुबका आहे आणि तो गवताचाच ठोंब वाटतो. खोड नाही, फांदी नाही. दोन वर्षं, पाच वर्षं, कधी दहा-बारा वर्षंही रोप याच अवस्थेत बसून राहतं. वर काही घडत नाही असं वाटतं. सगळं काम खाली चाललेलं असतं. सोटमूळ वाळूत खोल खोल उतरत असतं.

दुपारी ढग भरून येतात. पाऊस येण्याआधीच पलीकडच्या टेकाडावर वीज पडते आणि थोड्या वेळात गवतातून तडतड ऐकू येते. पळू नका. गुडघ्यावर बसा आणि त्या झुबक्याकडे बघा. ज्वाळा गुडघ्याइतक्या आहेत, वायरग्रास आणि वाळक्या सुया खात येतात. आग झुबक्यापाशी पोचते, सुयांची टोकं पेटतात आणि पेट आतल्या दिशेनं सरकतो. पण आतल्या हिरव्या सुयांत पाणी आहे. ते वाफ होऊन उडतं आणि मधल्या कोंबापर्यंत उष्णता पोचायच्या आत आग पुढं निघून जाते. सगळं मिळून मिनिटभर. झुबका करपलाय. बोटानं करपलेल्या सुया बाजूला करा: आत चंदेरी-पांढऱ्या लवेनं झाकलेला कोंब जसाच्या तसा आहे. त्याच्या शेजारी ओकचं एक रोप होतं, ते जमिनीपर्यंत जळून गेलंय. सुयांवर तपकिरी ठिपके पाडून रोपांचा जीव घेणारी एक बुरशी असते, तीही सुयांबरोबर जळाली. रोपाला आता उजेड मोकळा आहे आणि रोग हटला आहे. काही आठवड्यांत नव्या सुया फुटतील.

अशी आग इथं दर दोन-तीन वर्षांनी येते. काही विजेनं लागते, काही माणसांनी लावलेली असते. इथले मूळ रहिवासी हरणांना कोवळं गवत मिळावं, वाटा मोकळ्या राहाव्यात, बोरवर्गीय फळं भरपूर यावीत म्हणून रान पेटवतात. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यात पेटवायचं हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेव्हा हे माणसाचा हात न लागलेलं जंगल आहे, असा समज करून घेऊ नका. माणसाचा हात त्याला लागलेला आहे, आणि त्या हातात आग आहे.

१६३०. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म होतो, त्या वर्षी आपलं झाड ब्याऐंशी वर्षांचं आहे. गवतातून डोकं काढल्यावर ते झपाट्यानं उंच झालं, मग सालीवर साल चढत गेली. आता आग बुंध्याला चाटून जाते तेव्हा वरची पातळ ढलपी जळून गळून पडते आणि तिच्याबरोबर उष्णताही जाते. या वयाच्या आसपास झाडाच्या गाभ्याला एक बुरशी लागायला लागते, आणि लाल खुणेच्या एका छोट्या सुतारपक्ष्याला नेमकं तेच हवं असतं. बाकीचे बहुतेक सुतारपक्षी मेलेल्या लाकडात घर करतात; हा जिवंत पाईनमध्ये करतो. गाभा मऊ झालेला असला तरी बाहेरचं लाकूड टणक असतं, म्हणून एक ढोली कोरायला त्याला कधी कधी वर्षानुवर्षं लागतात. ढोलीभोवती तो टोचे मारत राहतो. त्यातून राळ ओघळते आणि झाडावर चढणारा साप त्या चिकट राळेपाशी थबकतो. म्हाताऱ्या झाडांशिवाय हा पक्षी नाही, आणि आगीशिवाय ती झाडं मोकळ्यावर उभी राहत नाहीत. हे नातं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता १८५५च्या हिवाळ्यात उतरा. इथं थोडा वेळ थांबावं लागेल.

आधी वास येतो, राळेचा, इतका दाट की घशात बसतो. मग कुऱ्हाडींचा आवाज. लाकडी जहाजांची भोकं बुजवायला, दोर टिकवायला डांबर आणि राळ लागते. दिव्यांना आणि रंगांना टर्पेंटाइन लागतं. या व्यापाराला इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७०५ सालीच बक्षिशी जाहीर केली होती. आता देशातला जवळपास सगळा असा माल एकट्या नॉर्थ कॅरोलिनातून जातो. तो काढणारे हात गुलामांचे आहेत. तुमच्यासमोर एक माणूस लांब, अरुंद पात्याची कुऱ्हाड घेऊन बुंध्याशी वाकलाय. जमिनीपासून वीतभर उंचीवर तो झाडाच्या अंगातच एक खोबण कोरतोय, लिटरभर राळ साठेल एवढी. ती झाली की पुढचं झाड. दिवसाचा आकडा ठरलेला आहे आणि तो भरला नाही तर काय होतं, हे त्याच्या पाठीकडे बघून कळतं. वसंतात दर आठवड्याला येऊन तो खोबणीच्या वरची साल नव्यानं तासेल, म्हणजे जखम ओली राहील आणि राळ वाहत राहील. दुसरा माणूस पळीनं ती राळ काढून बादलीत, बादलीतून पिंपात भरेल. उन्हाळ्यात राळ हाताला, कपड्यांना, केसांना लागून घट्ट होते. ती निघत नाही.

आणि आता तो कुऱ्हाड ठेवून दाताळं उचलतो. नीट बघा, कारण हे काम तुम्ही पुढं स्वतः करणार आहात. बुंध्याभोवतीच्या सुया, साल, गवत तो ओढून लांब करतो, झाडाभोवती उघड्या वाळूचं कडं तयार करतो. खोबणीत राळ आहे. रानाला आग लागली आणि ती बुंध्यापर्यंत आली तर झाड मशालीसारखं पेटेल. म्हणून आधी दाताळं फिरवायचं, मग मालकाच्या हुकुमानं रान पेटवून द्यायचं. म्हणजे या काळातही आग दरवर्षी लावली जाते आणि ती कशी फिरवायची हे कुणाला नीट कळत असेल तर याच माणसाला. त्याचं नाव कुठल्या वहीत सापडणार नाही. वेमथच्या जंगलातल्या अनेक जुन्या झाडांवर त्या तासलेल्या जखमांचे व्रण मात्र आजही हात फिरवून बघता येतात. या जंगलाचा इतिहास सांगताना लोक करवतीपासून सुरुवात करतात. मला वाटतं सुरुवात या व्रणांपासून करायला हवी.

पुढची सत्तर वर्षं मी तुम्हाला पळवत नेणार आहे. जखमी झाडं वाऱ्यानं मोडतात, किड्यांनी मरतात, धंदा दक्षिणेला जॉर्जिया आणि फ्लोरिडाकडे सरकतो. गुलामगिरी संपते, पण राळेच्या छावण्यांत कर्जानं बांधलेले मजूर आणि भाड्यानं दिलेले कैदी येतात. मोकाट सोडलेली डुकरं लाँगलीफच्या रोपांची गोडसर मुळं शोधून शोधून उकरतात; एक डुक्कर दिवसभरात शेकडो रोपं संपवतं. रेल्वे येते, वाफेची यंत्रं येतात, ओंडके तारेनं फरफटत ओढताना वाटेतली लहान झाडंही जातात. १९३०च्या सुमाराला जुनं रान जवळपास संपलेलं आहे. सदर्न पाइन्सपाशी थोडं राहिलं, कारण बॉइड कुटुंबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली जमीन विकत घेतली आणि तोड थांबवली.

तोडलेलं जंगल परत येऊ शकलं असतं. बी होतं, वाळू होती, पाऊस होता. ते का आलं नाही हे बघायला जॉर्जियातल्या एका खेड्यात चला. साल १९२९, रात्रीची वेळ.

शाळेच्या पटांगणात एक ट्रक येऊन थांबलाय. त्यावरच्या जनित्राची घरघर सुरू आहे, पांढरा पडदा ताणलाय आणि आयुष्यात पहिल्यांदा चलच्चित्र बघायला आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं आली आहेत. ट्रक अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनचा. त्यांच्या या फिरत्या प्रचारकांना डिक्सी क्रूसेडर्स म्हणतात. पडद्यावर जळणारं रान, पळणारे प्राणी, रडणारं कुटुंब. बोलणारा तरुण मनापासून बोलतोय: रानाला काडी लावणं हा अडाणीपणा आहे, गुन्हा आहे, पुढच्या पिढीची चोरी आहे. मुलांना छापील पत्रकं वाटली जातात. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी गप्प बसून ऐकतोय. त्याच्या आजोबांनीही फेब्रुवारी-मार्चात रान जाळलं होतं. गुरांना कोवळं गवत मिळायचं, गोचीड कमी व्हायची. उद्यापासून तो अडाणी ठरणार आहे.

त्या तरुणाचा राग करू नका. त्याच्या वरिष्ठांच्या डोळ्यांपुढं १९१०चा ऑगस्ट आहे. आयडाहो आणि मॉन्टानात तेव्हा दोन दिवसांत तीस लाख एकर जंगल जळलं होतं आणि कित्येक माणसं मेली होती. त्या धसक्यातून सरकारी वनखात्यानं ठरवलं की जंगलातली प्रत्येक आग विझवायची. पश्चिमेच्या पर्वतांतल्या झाडांचा न्याय त्यांनी दक्षिणेच्या वाळूतल्या झाडांनाही लावला. १९४४मध्ये टोपी घातलेलं स्मोकी अस्वल भित्तिपत्रकांवर आलं आणि आग म्हणजे शत्रू हे मुलामुलांच्या मनावर कोरलं गेलं. हेतू चांगला होता, आणि तरी मला वाटतं या जंगलाचं टिकाऊ नुकसान कुऱ्हाडीपेक्षा या चांगल्या हेतूनं जास्त केलं. तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उगवतं. आग बंद केलेल्या जागी दुसरंच जंगल उगवतं आणि पहिल्याला जागा सोडत नाही.

याच काळात ट्रकच्या वाटेपासून फार दूर नाही, अशा ठिकाणी, जॉर्जियाचं थॉमसव्हिल आणि फ्लोरिडाचं टॅलाहासी यांच्यामधल्या रेड हिल्समध्ये, हर्बर्ट स्टोडार्ड नावाचा माणूस लाव्हरींमागं फिरतोय. शिकारीच्या जमिनींचे मालक विचारतात, पक्षी का घटले? त्याला उत्तर सापडतं: रान जळत नाही म्हणून. १९३१मध्ये त्याचं पुस्तक निघतं, पण आगीवरचं प्रकरण वनखात्याच्या दबावाखाली पुन्हा पुन्हा सौम्य करून. येल विद्यापीठातले एच. एच. चॅपमनही लाँगलीफला आगीची गरज असते असं सांगत असतात. त्याच वर्षी एस. डब्ल्यू. ग्रीन यांनी लिहिलेल्या लेखाचं नावच 'आगीनं घडवलेलं जंगल' अशा अर्थाचं आहे. ऐकणारे थोडे. स्टोडार्डच्या मंडळींनी १९५८मध्ये टॅलाहासीजवळ टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र उभं केलं आणि १९६२मध्ये तिथं आगीच्या परिसरशास्त्रावर पहिली परिषद भरली, तेव्हा कुठं हे उघडपणे बोललं जाऊ लागलं.

१९६३मध्ये कॅथरीन बॉइड यांनी वेमथची जमीन राज्याला दिली. पण आगीविना राखलेलं रान काय होतं हे बघायचं असेल तर सँडहिल्समधल्या कुठल्याही विसरलेल्या तुकड्यात शिरा. ओक आणि स्वीटगमची दाटी. वर जुने पाईन अजून आहेत, पण त्यांच्याखाली अंधार. वायरग्रास मेलंय. बी पडते ती सुयांच्या गादीवर आणि तिथंच वाळते. ओकच्या फांद्या ढोलीच्या उंचीला पोचल्या की तो सुतारपक्षी घर सोडून जातो. १९७०पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत होता. नव्वदच्या दशकापर्यंत नऊ कोटी एकरांतले जेमतेम तीसेक लाख एकर उरले. आणि त्यातले चांगले तुकडे कुठं? फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळावर, जिथं तोफगोळ्यांनी गवत पेटत राहिलं आणि ती आग विझवायला आत जायला कुणी धजत नव्हतं.

आता आजच्या काळात या. जानेवारी. तुमच्या हातात दाताळं आहे.

जमीन एका निवृत्त जोडप्याची, वडिलोपार्जित. पन्नासेक वर्षं इथं आग नाही. तुमच्याबरोबर दहा-बारा स्वयंसेवक आहेत: शिक्षक, नर्स, कॉलेजातली पोरं, आणि केरीहून आलेली एक मराठी बाई. राले, केरी, मॉरिसव्हिल या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि इथवर यायला गाडीनं तासभर लागतो. ती मूळची जुन्नरकडची. तुमचं बोलणं ऐकून ती हसते, "तुम्ही आपल्याकडचे!" आणि लगेच कामाला लावते. "ओढू नका जोरात. वरचा वाळलेला थर घ्या, खालचा हलक्या हातानं."

बुंध्याशी बसून बघा ती हलक्या हातानं का म्हणते ते. वर तांबूस, कोरड्या सुया. त्याखाली तुकडे झालेल्या, करड्या. त्याखाली सालीच्या ढलप्या आणि कुजून काळा झालेला, ओलसर, स्पंजासारखा थर, घोट्याच्या वर येईल एवढा. बोट घाला. आत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या हाताला लागतात. आग यायची बंद झाली तेव्हा झाडानं आपली बारीक मुळं वर, या कुजलेल्या थरात पसरवली. इथं आता कुणी उत्साहानं काडी लावली तर ज्वाळा काही करणार नाहीत. साल त्यांना पुरून उरेल. पण हा थर पेटेल, ज्वाळेशिवाय, नुसता धुमसत, दिवसेंदिवस. मुळं आणि बुंधा भाजून निघतील, आणि दोनशे वर्षांत कितीतरी आगी पचवलेलं झाड पुढच्या वर्षा-दोन वर्षांत उभ्या उभ्या मरेल. असं झालेलं आहे, पुष्कळ ठिकाणी. म्हणून दाताळं. म्हणून एकदम नाही, थोडं या हिवाळ्यात, थोडं पुढच्या. आणि जाळायचं तेही अशा दिवशी, जेव्हा वरच्या सुया वाळलेल्या असतील आणि खालचा थर ओला असेल.

तुम्ही ज्या झाडाभोवती कडं करताय त्याच्या एका बाजूला साल नाही. तासल्याच्या तिरप्या रेघा आहेत, वाळलेल्या राळेनं पिवळसर झालेल्या. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी याच बुंध्याभोवती हेच काम केलं होतं, आणि त्याला घरी जायची मुभा नव्हती.

मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही पुन्हा येता. अंगात आग न पकडणारा पिवळा शर्ट, डोक्यावर शिरस्त्राण, हातात चामडी मोजे. सकाळी नऊला सगळे ट्रकभोवती जमतात. जाळणीची सूत्रं जिच्याकडे आहेत ती परवानाधारक बाई नकाशा उघडून सांगते: वारा नैर्ऋत्येचा आणि स्थिर आहे, हवेतली आर्द्रता चाळीसच्या घरात, धूर वर चढून ईशान्येला जाईल, तिकडे महामार्ग नाही. दक्षिणेकडच्या वस्तीत दम्याचा एक रुग्ण आहे, त्यांना काल फोन केलाय. वनखात्याला कळवलंय. वारा फिरला तर थांबायचं, कुणाचाही मुलाहिजा न ठेवता. इथं जमलेले निम्मे लोक शेजारचे जमीनदार आहेत. सँडहिल्समध्ये अशा लोकांनी जाळणीचा संघच केलाय. आज याच्या रानात, पुढच्या आठवड्यात त्याच्या. आपल्याकडची इर्जिक जशी, तसंच. एकट्याला न झेपणारं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं आणि दुपारी एकत्र जेवायचं.

रानाभोवती जाळरेषा नांगरलेली आहे. आधी एका कोपऱ्यात चाचणी, टोपलीएवढी आग. सगळे ती कशी वागते ते बघत उभे राहतात. मग ती बाई ठिबकमशाल पेटवते. डिझेल आणि पेट्रोलच्या मिश्रणाचे जळते थेंब चोचीतून गवतावर पडत जातात. सुरुवात वाऱ्याच्या पुढच्या टोकाला, म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकत यावं लागेल. ती हळू येते, घोट्याएवढी, तासाला तीस-चाळीस मीटर. तुमचं काम जाळरेषेवर पाठीला पाण्याचा पंप लावून उभं राहायचं, आणि आगीकडे पाठ करायची. ठिणगी पलीकडच्या हिरव्या रानात पडली तर ती तुम्हाला दिसली पाहिजे. आग बघायला बाकीचे आहेत. पाठीला ऊब लागते. राळेचा वास, गवताची तडतड, मध्येच ओकच्या पानांचा एकदम भडका. कडेचा काळा पट्टा पुरेसा रुंद झाला की आत समांतर रेषा टाकल्या जातात आणि आता ज्वाळा कमरेएवढ्या उठतात, पण काळ्या पट्ट्याशी येऊन विझतात, कारण खायला काही उरलेलं नाही. बहिरी ससाण्याच्या जातीचा एक छोटा पक्षी धुराच्या कडेनं घिरट्या घालतोय, उडणारे किडे टिपतोय.

जुन्नरची बाई तुमच्यापासून वीस पावलांवर उभी आहे. पाणी प्यायला थांबता तेव्हा ती म्हणते, "पहिल्यांदा आले तेव्हा रडू फुटलं होतं मला. आमच्याकडे डोंगराला वणवा लागला की माझे वडील फांद्या घेऊन विझवायला धावायचे."

तिचे वडील बरोबरच होते, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. या लेखातलं काहीही वाचून कुणी सह्याद्रीत काडी लावू नये. तिथल्या उतारांवरची झाडं, भुईवर घरटी करणारे पक्षी, कड्यांवरच्या कंदवनस्पती कमरेएवढ्या ज्वाळांच्या सवयीनं घडलेल्या नाहीत आणि उन्हाळ्यातला वणवा कुणी वाऱ्याची दिशा मोजून लावत नाही. आपलं वनखातं जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा काढतं ते योग्यच आहे. शिकण्यासारखं इतकंच की प्रत्येक रानाला आपला हिशोब असतो आणि तो तिथं राहणाऱ्यांना बहुधा आधी कळलेला असतो. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरातले सोलिगा सांगत आले की त्यांची हलकी आग बंद झाली तेव्हापासून घाणेरीनं जंगल भरलं. १९२९च्या त्या पटांगणात मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं असतं तर पुढची पन्नास वर्षं वाचली असती.

चार वाजता सगळं काळं झालंय. काम इथून खरं कंटाळवाणं होतं: कडेचे धुमसणारे ओंडके फोडायचे, हात जवळ नेऊन उष्णता तपासायची, दाताळं मारलेल्या प्रत्येक बुंध्याशी वाकून धूर येतोय का बघायचं. अंधार पडेपर्यंत हेच. आठवड्याभरात वायरग्रासची हिरवी पाती काळ्यातून वर येतील, आणि ते गवत मेमध्ये जळलं म्हणून या शरदात फुलेल. हिवाळ्यात जाळलं असतं तर नीट बी धरलं नसतं. नोव्हेंबरात तुम्ही ते बी हातानं ओरबाडून पोत्यात भरायला येता. देशभरात लाँगलीफचं रान पुन्हा पन्नास लाख एकरांच्या आसपास गेलंय. २००९मध्ये ठरलेलं उद्दिष्ट ऐंशी लाखांचं होतं. सुतारपक्षी २०२४मध्ये यादीत एक पायरी खाली आला, 'संकटग्रस्त'वरून 'धोक्यातला'. म्हाताऱ्या झाडांचा तुटवडा आहे तिथं लोक खोडात करवतीनं चौकोन कापून लाकडी ढोल्या बसवतात. पहिली मोठी मोहीम १९८९च्या ह्यूगो वादळानंतर साउथ कॅरोलिनात झाली होती.

डिसेंबरात लावणी. पहार वाळूत घालायची, मागंपुढं हलवायची, भोकात रोप सोडायचं, पायानं माती दाबायची. तुमचं रोप बघून जुन्नरची बाई थांबते. "खोल गेलं. कोंब मातीत गाडला तर मरतो." ती ते बोटानं जरासं वर ओढते, मुळाची कडा वाळूच्या किंचित वर दिसेल इतकं. हे पुढची काही वर्षं गवतासारखंच दिसेल. सुतारपक्ष्याच्या उपयोगाला ते यायचं तर एकविसावं शतक संपत येईल, आणि तोवर दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी इथं काडी लावायला यावं लागेल. एक पाळी चुकली तर ओक पुढं येतो, दोन चुकल्या तर दाताळ्यापासून सुरुवात.

पुढची पाळी केव्हा, तुम्ही विचारता.

"तारीख नसते हो," ती म्हणते. "वारा आणि पाचोळ्याची ओल बघून आदल्या संध्याकाळी फोन येतो. नंबर लिहून द्या."